हवा, विहीर की जमीन

ऊब कुठून येते, असं तुम्हाला कोणी कधी विचारलंय? मला विचारलंय. जिन्यात विचारलंय, मोरीच्या दारात विचारलंय, डोळ्यांत साबण गेलेला असताना विचारलंय. एकदा तर माझ्या स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत, मी बायकोला जिलबीचा घास भरवत असताना, मागून खांद्यावर हात पडला आणि कानाशी आवाज आला, "काय रे इंजिनीअर, जिलबी गरम आहे खरी. पण हिच्यातली ऊब आता जाणार कुठे?" मी वळूनसुद्धा बघितलं नाही. गिरगावात असला प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच चाळीत राहत होतो.

आम्ही सगळे त्यांना मालक म्हणायचो. घराणं जुनं, मुंबईतच मुरलेलं. आजोबांच्या वेळच्या जमिनी विकून विकून शेवटी ही एक चाळ उरलेली. तिच्या वरच्या मजल्यावर मालक आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोघंच राहायचे. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बरोबर खाली मी आणि माझी आई; माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. मी फोर्टातल्या एका कंपनीत फ्रिज दुरुस्त करायचो. डिप्लोमावाला मेकॅनिक, दुसरं काय. पण मालकांनी पहिल्या दिवसापासून मला इंजिनीअर केलं आणि त्या पदवीचं भाडं माझ्याकडून पुरेपूर वसूल केलं.

दिसायला माणूस रुबाबदार. गोरे, नाक सरळ, धोतर परीटघडीचं. आणि गळ्यात मे महिन्यातसुद्धा लोकरीचा मफलर. का, तर पंचगणीची सवय व्हायला हवी. कशालाही हात लावायचा तर उलटा लावायचे, पालथ्या हाताने, आई तापकऱ्या पोराचं कपाळ बघते तसा. चहाची किटली, भिंत, ट्रामचा दांडा, माझ्या बुशकोटाची पाठ, सगळ्याला पालथा हात. मग डोळे मिटून म्हणायचे, "आहे." म्हणजे ऊब आहे. नसली तरी म्हणायचे. त्यांचं म्हणणं, बर्फातसुद्धा थोडी असतेच, ओढून घेणारा पाहिजे.

आता हे वेड आलं कुठून, ते सांगतो. काकूंना दमा होता. साधासुधा नाही. बाईंना आडवं होता यायचं नाही. पाठीशी ट्रंक, ट्रंकेवर उश्या, आणि त्यांना टेकून बसल्या बसल्याच जी काय लागेल ती झोप. छातीतून एक बारीक शिट्टी सारखी चालू असायची. खाली आमच्या खोलीत ती ऐकू यायची, आणि तिच्या जोडीला मालकांच्या खुर्चीची करकर. ते काकूंच्या शेजारी खुर्ची टाकून, दिवा लावून बसलेले असायचे. हातात यंत्रांचे कॅटलॉग. ती बसून झोपणार आणि हे बसून जागणार, असा त्यांचा संसार. दिवसा तेच कॅटलॉग घेऊन खाली यायचे, माझ्या डोक्याला ताप द्यायला.

डॉक्टर म्हणाले होते, समुद्राची दमट हवा यांना सोसत नाही, कोरड्या डोंगरी हवेत ठेवा. मात्र थंडी लागू देऊ नका आणि धूर तर अजिबात नको. मालकांनी झटकन पंचगणीला जागा घेतली आणि दोन खोल्यांचं टुमदार घर बांधलं. पुढे पडवी, मागे विहीर, विजेचं कनेक्शनसुद्धा आलं. मी त्यांच्याबद्दल वाईटच बोलतोय असं नको व्हायला, म्हणून सांगतो, घर बांधताना त्यांनी एक दिवस फुकट घालवला नाही. पुढे मात्र घोडं अडलं.

कारण पंचगणीला थंडीत खोल्या गारठतात. शेगडी लावावी तर धूर. विजेची तार तापवायची शेगडी मी सुचवली, तर म्हणाले, ती हवा जाळते, काकूंच्या घशाला कोरड पडेल. आणि मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी हीट पंपाबद्दल वाचलं. बाहेरच्या हवेतली नाहीतर पाण्यातली ऊब ओढून घरात सोडणारं यंत्र. ना धूर, ना जाळ. ते मासिक घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, हे शक्य आहे का? मी म्हणालो, आहे की, आपला फ्रिज तेच करतो, पोटातली ऊब काढून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो, फक्त हा उलटा लावायचा. झालं. एवढं बोललो आणि माझ्या मागे बारा पिंपळांवरचा मुंजा लागला.

चाळीत बातमी पसरली की मालक पंप घेतायत. आमच्याकडे नळाला पाणी करंगळीएवढं यायचं, त्यामुळे बायका आठवडाभर खूश होत्या.

आता घ्यायचं ना यंत्र? नाही. आधी ठरवायचं, की ऊब ओढायची कुठून. हवेतून, विहिरीतून की जमिनीतून? हवेतून ओढावी तर नेमकी थंडी पडली की हवेतच ऊब कमी, म्हणजे गरजेला दगा. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको, पण उन्हाळ्यात विहीर आटली तर? मी म्हणायचो, मालक, उन्हाळ्यात ऊब हवीय कुणाला? त्यावर ते मान हलवून निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन पुन्हा हजर, ये रे माझ्या मागल्या. जमिनीत नळ पुरावेत तर बागेतली झाडं उपटावी लागणार, आणि ती झाडं काकूंनी सांगितलेली. मी विहिरीच्या बाजूने बोललो की ते हवेचे वकील व्हायचे. मी हवेवर आलो की त्यांना विहिरीचा कढ यायचा. जमीन तर केवळ आम्हा दोघांना दमवायला ठेवली होती असं मला वाटतं.

तरी मी म्हणालो असतो की बसू दे यांना ठरवत, तोवर काकूंना घेऊन तिथे राहा. उन्हाळ्यात तरी राहा. पण तिथे दुसरी मेख. वास्तुशांत झाल्याशिवाय घरात मुक्काम करायचा नाही हा घराण्याचा नियम. घर पुरं झाल्याशिवाय वास्तुशांत करायची नाही हा दुसरा. आणि यंत्र बसल्याशिवाय घर पुरं झालं असं मालक मानायला तयार नव्हते. त्यात पुन्हा वास्तुशांत म्हटली की होम आला, होम म्हटला की धूर आला, आणि होमाला नवरा-बायको जोडीने बसायला हवीत. म्हणजे घर तयार, हवा तयार, आणि काकू गिरगावात ट्रंकेला टेकून. मी एकदा काकूंना विचारलं, तुम्ही यांना काही बोलत कशा नाही? त्या धाप सावरत म्हणाल्या, "बोलायला श्वास लागतो रे. तो मी जपून वापरते."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, मध्येच संप, मध्येच संचारबंदी. आमच्या चाळीतून परळ-लालबागच्या मोर्च्यांना माणसं जायची. मीही जायचो. एका दुपारी ठाकुरद्वारच्या नाक्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि वाऱ्याने तो सगळा आमच्या चाळीत आणून घातला. डोळे चोळत मी वर धावलो. काकूंचे ओठ निळे पडले होते. आणि मालकांनी काय केलं असेल? घरातला फ्रिज उघडला, आतलं दूध, लोणी, भाज्या सगळं जमिनीवर फेकून दिलं, मधल्या जाळ्या उपसल्या, काकूंना पुढ्यात बसवून त्यांचं डोकं आत घातलं आणि वरून ओली चादर ओढली. थंडी दम्याला वाईट, हे दिवसातून दहादा सांगणाऱ्या माणसाने. मी ओरडणार होतो, पण चादरीखालची शिट्टी हळूहळू पुन्हा सुरू झाली. बंद कपाटातली हवा तेवढी स्वच्छ होती. मालक काकूंच्या पाठीवर पालथा हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अश्रुधुराने सगळ्यांच्याच वाहत होतं, त्यामुळे कुणी कुणाला काही विचारलं नाही.

डॉक्टर आले आणि जाताना जिन्यात मालकांना स्पष्ट बोलले. मी शेजारीच होतो. म्हणाले, हलवा यांना इथून. पुढचा पावसाळा यांची छाती गिरगावात काढेल असं मला वाटत नाही.

मला वाटलं, आता तरी. अहो, कसचं काय. मालकांनी नवीनच शंका काढली. मुंबई जर वेगळी झाली, आणि पंचगणी राहिली महाराष्ट्रात, तर बोटीने यंत्र येणार माझगावच्या गोदीत, म्हणजे एका राज्यात, आणि न्यायचं दुसऱ्या राज्यात. मग परवाना कुठला? जकात कुठे? म्हणाले, "आधी राज्य ठरू दे, मग यंत्र ठरवू." माणसं गोळ्या खात होती त्या राज्यासाठी, आणि हे त्याच्यावर आपला पंप टांगून बसले. मी इतका भडकलो की दोन दिवस जिन्यात त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मोरीत गाठून विचारलं, विहीर खोल केली तर?

आणि तो प्रयोग. भर मे महिना. उष्णता ओढून आणता येते हे डोळ्यांनी बघायचं म्हणून त्यांनी तोच फ्रिज घेतला, मला त्याचं दार काढायला लावलं, आणि तो गॅलरीच्या खिडकीत बसवला. उघडं पोट बाहेर गॅलरीकडे, पाठीची जाळी आत खोलीकडे. बाजूच्या फटींत गोणपाट. दार नाही म्हटल्यावर यंत्र थांबायचं नावच घेईना. घर्रर्र करून सारखं चालू. आतली खोली भट्टी झाली. मालक घामाने निथळत, मफलरसकट, जाळीला पालथा हात लावून "आहे, आहे" म्हणत होते. आणि बाहेर गॅलरीत अख्खी चाळ जमली. फ्रिजच्या पोटात कुणी पाण्याचा तांब्या ठेवला, कुणी कैरीचं पन्हं ठेवलं, एका आजोबांनी तर समोर चटई टाकून ताणून दिली. मालकाने स्वतः भाजून घेऊन भाडेकरूंना गारवा दिल्याचं उदाहरण मुंबईत दुसरं नसेल. काकूंना माझ्या आईने खाली आमच्याकडे आणून बसवलं होतं. वरचा गलका ऐकून त्या हसत होत्या आणि हसू छातीला झेपत नव्हतं. त्या आईला म्हणाल्या, "बाहेरच्या गारठ्यातली ऊब यांना सापडते. शेजारी बसलेल्या बाईला काय हवंय, तेवढं सापडत नाही." आईने ते मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तीही चिडलेली होती.

प्रयोग यशस्वी झाला. निर्णय झाला नाही.

तो पावसाळा काकूंनी कसा काढला ते आम्हा खालच्या लोकांना माहीत आहे. शिट्टी थांबली की आई पोळपाट लाटणं सोडून वर बघायची. पुन्हा सुरू झाली की लाटायला घ्यायची. थंडीच्या तोंडाला मालकांनी मला फर्मावलं, की पंचगणीला जाऊन विहिरीच्या पाण्याचं तापमान घेऊन ये. सोबत थर्मामीटर दिला तो ताप बघायचा. मी कपाळावर हात मारला. विहिरीला काय टायफॉइड झालाय? कंपनीतला थर्मामीटर घेतो म्हटलं आणि निघायची तयारी केली. तेव्हा काकू म्हणाल्या, मीही जाते याच्याबरोबर, घर तरी बघते. मालकांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी ठरलं, की माझी आई सोबत जाईल, दिवसा घर बघायचं आणि मुक्काम खाली वाईला माझ्या मावशीकडे. मालकांना स्वतःला यायचं होतं, पण माझगावला एका बोटीवरचा इंजिनीअर उतरणार होता आणि त्याच्याकडे म्हणे नवीन कॅटलॉग होते.

वाईला पोचलो त्या संध्याकाळी काकूंनी मावशीला विचारलं, इथे उदकशांत करणारे गुरुजी आहेत का? वाईला गुरुजींची काय वाण. उदकशांत म्हणजे कलशातलं पाणी मंत्रून घरभर शिंपडायचं. होम नाही, धूर नाही. ज्याला वास्तुशांतीचा घाट जमत नाही तो राहायला जाण्यापुरती ती करतो, हे घराघरात माहीत असतं. मालकांना माहीत नसेल? त्यांनी ऊब येण्याच्या तिन्ही वाटा धुंडाळल्या, पण ही चौथी साधी वाट त्यांच्या कधी ध्यानातच आली नाही.

सकाळी गुरुजींना आणि मावशीला घेऊन आम्ही वर पंचगणीला गेलो. पाट मांडले आणि गुरुजी म्हणाले, यजमान कुठे आहेत? काकूंनी कनवटीची सुपारी काढून शेजारच्या पाटावर ठेवली.

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. बायको हजर नसली की पुरुष तिच्या जागी सुपारी ठेवून कार्य उरकतो, ही आपल्याकडची रीत. पण नवऱ्याच्या जागी सुपारी? ते म्हणाले, बाई, असं कुठे ऐकिवात नाही.

"बायकोच्या जागी चालते ना?" काकू म्हणाल्या. "मग सुपारीला काय कळतंय, ती कुणाच्या जागी बसलीय ते."

मावशीने त्यांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा गुरुजींनी डोळे मिटून मंत्र सुरू केले. काकू मध्येच माझ्याकडे वाकून पुटपुटल्या, ही निदान मधून उठून विहीर बघायला जाणार नाही. पाणी शिंपडून झालं. आईने अंगणात वाऱ्याच्या खालच्या अंगाला स्टोव्ह पेटवून दूध उतू घातलं. घर राहायचं झालं. मला विचाराल तर तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. एका सकाळचं काम होतं हो, आणि त्यासाठी ही बाई वर्षानुवर्षं ट्रंकेला टेकून बसली होती.

आणि थंडीचं? आईने बांधकामातल्या उरलेल्या विटा दिवसभर अंगणात उन्हात मांडल्या. ऊन कललं की गोणपाटात गुंडाळून त्या काकूंच्या खाटेखाली लावल्या. वर गोधड्या, पायाशी गरम पाण्याची पिशवी. बाहेरची ऊब उचलून आत. मालकांचं सगळं शास्त्र तेच होतं, फक्त यंत्राच्या जागी माझी आई होती. मावशी तेवढी परत गेली, आम्ही पुन्हा वाईला मुक्कामाला गेलोच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मालक टॅक्सी करून येऊन थडकले. मफलर, काखेत कॅटलॉगची गुंडाळी, आणि चेहरा लाल. वाईला मावशीकडून त्यांना सगळं कळलं होतं. पडवीत मलाच धरलं. वास्तुशांत नाही, यंत्र नाही, कुणाला विचारून मुक्काम केला? मग आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "माझ्या जागी सुपारी ठेवली?"

माझी इतक्या वर्षांची साठलेली चीड बाहेर पडली. मी म्हणालो, "हो, ठेवली. तुम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या सुपारीने एका सकाळी केलं." वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये. पण मी बोललो, आणि अजून मला त्याचं वाईट वाटत नाही.

ते वळले आणि आत गेले. मी मागोमाग गेलो, काकूंवर तोंड टाकतील म्हणून. खाटेवर काकू झोपल्या होत्या. उश्या बाजूला सरकल्या होत्या आणि त्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन, आडव्या झोपल्या होत्या. मालक उंबऱ्यातच थांबले. मग माझा दंड धरून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "आडवी झोपलीय रे." खाटेखाली वाकून त्यांनी विटांना पालथा हात लावला. या वेळी "आहे" म्हणाले नाहीत. कॅटलॉग खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसले.

ते दोघं मग तिथेच राहिले. मालक चाळीच्या कामापुरते गिरगावात उतरायचे. पुढे राज्य झालं, मुंबईसकट झालं. चाळीत पणत्या लागल्या, पेढे वाटले, आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. पेढे घेऊन मी पंचगणीला गेलो आणि मुद्दामच म्हणालो, मालक, राज्य ठरलं, आता यंत्र ठरवा. त्यावर ते म्हणतात कसे, "पंचगणी आणि गोदी एकाच राज्यात आली ना? मग आता घाई कसली?" मी हात टेकले.

काकूंचं अंग भरलं होतं. बोलताना त्या आता मध्ये थांबत नव्हत्या. पण डोळ्यांखाली काळं दिसलं म्हणून मी विचारलं, झोप लागत नाही का? त्या मला विहिरीपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मला लागते. यांना लागत नाही. शिट्टी ऐकायची सवय झालीय ना इतक्या वर्षांची. आता काही ऐकू येत नाही, मग हे घाबरतात आणि मला हलवून उठवतात. जिवंत आहे का बघायला. दम्याने झोपू दिलं नाही आणि आता हे देत नाहीत." मग म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत घर्रर्र करणारं एखादं यंत्र असेल तर बघ रे बाबा. ऊब दिली नाही तरी चालेल, नुसता आवाज पाहिजे."

एवढ्या वर्षांत हीट पंपाची निवड करताना आवाजाचा मुद्दा आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

गिरगावातल्या त्यांच्या खोलीत तो बिनदाराचा फ्रिज तसाच पडून होता. कोण घेणार तो? मी ट्रकवर घालून पंचगणीला नेला आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीत बसवला. पोट बाहेर बागेकडे, पाठ आत काकूंच्या खाटेकडे. बटण दाबल्याबरोबर तो गिरगावातल्यासारखाच घुमायला लागला आणि जाळी हळूहळू कोमट झाली. मालकांनी तिला पालथा हात लावला आणि म्हणाले, "हे तात्पुरतं आहे हं. खरं यंत्र अजून ठरायचंय." मी मान डोलावली. भांडायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

पुढच्या थंडीत मी गेलो तेव्हा दुपारची जेवणं होऊन दोघंही झोपली होती. काकू आडव्या, तोंड भिंतीकडे. मालक शेजारच्या खुर्चीत, मान छातीवर, मांडीवर उघडा कॅटलॉग. फ्रिज घुमत होता. मी दारातल्या स्टुलावर बसलो, आणि तेवढ्यात वीज गेली. घरघर थांबली. सगळं घर एकदम चिडीचूप झालं.

मालक ताडकन उठले. कॅटलॉग खाली पडला. मी तिथे बसलोय हेही त्यांना दिसलं नाही. अंधारात चाचपडावं तसे भर दुपारी दोन्ही हात पुढे करून ते खाटेशी गेले, काकूंवर वाकले, आणि त्यांच्या नाकाशी पालथा हात धरला. धरून उभे राहिले.

काकूंनी डोळे उघडले नाहीत, की कूस बदलली नाही.

"आहे हो," त्या म्हणाल्या. "बसा आता."